टेरा येण्याआधी: दहा लिटरच्या कॅबिनेटमधील उष्णतेचे नियोजन

मिलिमीटर (पुणे)

नमस्कार. फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडिश कंपनीच्या टेरा या संगणकाच्या कॅबिनेटची मागणी मी नोंदवली आहे आणि विक्रेत्याकडे पुढचा माल येईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नाही. इथल्या आणखी काही सभासदांनीही हेच कॅबिनेट मागवले आहे, त्यामुळे हा मधला काळ आतल्या भागांची निवड, विशेषतः प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची निवड, नीट विचार करून ठरवण्यात घालवावा, या हेतूने हा धागा काढत आहे.

ज्यांना टेरा परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या या कॅबिनेटचे आकारमान १०.४ लिटर आहे. त्यात मिनी-आयटीएक्स या लहान मापाचा मदरबोर्ड एका बाजूला आणि ग्राफिक्स कार्ड त्याच्या पाठीला पाठ लावून दुसऱ्या बाजूला बसते, आणि दोघांमध्ये एक उभा कणा असतो. हा कणा सात जागांवर सरकवता येतो. कणा एका टोकाला नेला तर प्रोसेसरच्या कूलरला ७७ मिमी उंची मिळते आणि ग्राफिक्स कार्डाला ४३ मिमी जाडी उरते. दुसऱ्या टोकाला नेला तर कार्डाला ७२ मिमी आणि कूलरला फक्त ४८ मिमी. दोन्हींची बेरीज कायम १२० मिमी राहते. म्हणजे कूलरला दिलेला प्रत्येक मिलिमीटर कार्डाकडून घेतलेला असतो.

माझा प्रोसेसर रायझन ७ ७७०० आहे. त्यावर ६५ वॅट लिहिलेले असले तरी पूर्ण भार आल्यावर तो ८८ वॅटपर्यंत वीज घेतो. ग्राफिक्स कार्ड अजून घेतलेले नाही. आरटीएक्स ५०७० (२५० वॅट) दोन स्लॉटांचे घ्यावे की आरटीएक्स ५०७० टीआय (३०० वॅट) जाड हीटसिंकचे (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पात्यांच्या संचाचे) घ्यावे, हे ठरत नाही. काम मुख्यतः व्हिडिओ संपादनाचे आहे आणि अधूनमधून खेळ. खोलीला वातानुकूलन नाही. कणा कुठे ठेवावा आणि त्यानुसार कूलर कोणता घ्यावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

शांतपंखा (ठाणे)

आपण प्रश्न योग्य मांडला आहे, फक्त त्याचा क्रम उलटा करावा असे मी सुचवीन. आधी ग्राफिक्स कार्ड ठरवा, त्याची खरी जाडी मिलिमीटरमध्ये शोधा आणि मगच कूलरकडे वळा. कार्डाची उष्णता प्रोसेसरच्या तिप्पट आहे आणि कार्डाचा हीटसिंक आपल्याला बदलता येत नाही. कूलर मात्र हव्या त्या उंचीचा मिळतो.

कूलरच्या उंचीची पायरी साधारण अशी आहे. सर्वांत खाली ३७ मिमीचा नॉक्टुआ एनएच-एल९ए, जो जागा वाचवण्यासाठी अप्रतिम आहे, परंतु ८८ वॅट सतत सांभाळताना त्याचा ९२ मिमीचा पातळ पंखा चांगलाच आवाज करतो. त्यानंतर थर्मलराइटचे एएक्सपी९०-एक्स४७ आणि एक्स५३ हे अनुक्रमे ४७ आणि ५३ मिमीचे कूलर येतात. ५७ मिमीला आयडी-कूलिंगचा आयएस-५५ आहे आणि इथून १२० मिमीचा पंखा मिळू लागतो, जो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. पुढे ६७ मिमीला एएक्सपी१२०-एक्स६७, ७० मिमीला नॉक्टुआ एनएच-एल१२एस आणि अगदी ७७ मिमीला एनएच-एल१२एसएक्स७७.

१२० मिमीच्या पंख्याला मी इतके महत्त्व का देतो, ते सांगतो. ९२ मिमीच्या पंख्याचे वर्तुळ क्षेत्रफळाने १२० मिमीच्या पंख्याच्या सुमारे ५९ टक्के भरते, आणि मधला मोटारीचा भाग वजा केला तर प्रमाण आणखी घटते. तेवढीच हवा ढकलायची असेल तर लहान पंख्याला बराच अधिक वेग घ्यावा लागतो आणि वेग वाढला की आवाज त्याहून झपाट्याने वाढतो. टेबलावर, कानापासून हातभर अंतरावर ठेवायच्या यंत्रात हा फरक रोज जाणवतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: दोन स्लॉटांचे ५०७० घ्या, कणा कार्डाच्या बाजूला पूर्ण सरकवा आणि ७० मिमीचा कूलर बसवा.

विदर्भवासी (नागपूर)

शांतपंखा यांचे म्हणणे ठाण्यापुरते पटण्यासारखे आहे, परंतु कूलरच्या चर्चेत खोलीचे तापमान सर्वप्रथम यायला हवे. परदेशी परीक्षणांतले आकडे बहुधा २१ ते २४ अंशांच्या खोलीतले असतात. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि दुपारी खोलीत ३८ ते ४० अंश सहज होतात.

हवेने थंड होणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त फरक आटोक्यात ठेवतो, आणि हा फरक विजेच्या प्रमाणात वाढतो. समजा, २४ अंशांच्या खोलीत ८८ वॅटवर एखादा कूलर प्रोसेसरला ७६ अंशांवर ठेवतो. म्हणजे फरक ५२ अंशांचा. तोच कूलर, तोच वेग आणि तेवढीच वीज असताना ४० अंशांच्या खोलीत प्रोसेसर ९२ अंशांवर जाईल. ७७०० ची मर्यादा ९५ अंश आहे, म्हणजे तीनच अंश हातात राहिले, आणि यात ग्राफिक्स कार्डाने आतली हवा तापवली तो भाग धरलेलाच नाही.

आता याच गणिताचा उपयोग उलट दिशेने करू. ४० अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८५ अंशांवर राहावा असे वाटत असेल तर फरक ४५ अंशांचा हवा, आणि त्यासाठी वीज ८८ वरून सुमारे ७६ वॅटवर आणावी लागेल. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या अंगभूत सेटिंगमध्ये, पीपीटी या नावाची विजेची मर्यादा आहे, तिथे हा आकडा लिहिला की झाले. व्हिडिओ बाहेर काढण्याच्या (एक्स्पोर्टच्या) कामात एवढ्या घटीने लागणारा वेळ फारसा वाढत नाही, कारण शेवटच्या काही वॅटमधून मिळणारी गती अगदी थोडी असते. दहा मिमी उंच कूलर घेऊन जे मिळते, ते बायोसमधला एक आकडा फुकट देतो. उन्हाळ्यासाठी एक आणि हिवाळ्यासाठी एक असे दोन संच बायोसमध्ये साठवून ठेवावेत, असा माझा सल्ला आहे.

वाळ्याच्या ताट्यांचा डेझर्ट कूलर खोलीत असेल तर मे महिन्यातल्या कोरड्या हवेत त्याचा फार उपयोग होतो, कारण खोलीचे तापमानच उतरते. मात्र कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नये. आर्द्र हवेने नुकसान होत नाही, कारण चालू यंत्राचे भाग हवेपेक्षा गरमच असतात आणि त्यांच्यावर पाणी साचत नाही. परंतु झोतासोबत उडणारे बारीक थेंब आणि त्यांतले जड पाण्याचे क्षार पात्यांवर थर धरतात.

मिलिमीटर (पुणे)

विदर्भवासी, आपले गणित वाचून मी संपूर्ण कॅबिनेटचे गणित मांडून पाहिले. प्रोसेसर ८८ वॅट, कार्ड २५० वॅट आणि बाकीचे थोडे, असे मिळून सुमारे ३५० वॅट धरले. ही उष्णता बाहेर नेताना आतून जाणारी हवा १५ अंशांहून अधिक तापू नये असे वाटत असेल तर दर सेकंदाला सुमारे २० लिटर हवा आतून वाहायला हवी. टेराचे आकारमान १०.४ लिटर आहे, म्हणजे संपूर्ण कॅबिनेटमधली हवा दर सेकंदाला जवळजवळ दोनदा बदलली पाहिजे.

या आकड्याने माझा एक समज बदलला. लहान कॅबिनेट गरम होते ते त्यात हवा कमी मावते म्हणून, असे मला वाटत असे. साठलेल्या हवेला तसे महत्त्वच नाही. मोठ्या कॅबिनेटमध्येही तेवढीच हवा बाहेर जावी लागते. लहान कॅबिनेटमध्ये अडचण वाटेची आहे: ताजी हवा कुठून येते, तापलेली कुठून जाते आणि तापलेली हवा वळून पुन्हा पंख्यात शिरते का, एवढ्यावर सारे अवलंबून आहे.

जुनीपेटी (म्युनिक)

धागा आवडीने वाचत आहे. माझ्याकडे डॅन केसेसचे ए४-एसएफएक्स हे कॅबिनेट अनेक वर्षांपासून आहे, त्यामुळे या रचनेचा इतिहास थोडक्यात सांगणे मला उपयुक्त वाटते, कारण आज टेराबद्दल पडणारे जवळजवळ सर्व प्रश्न तेव्हाही पडले होते.

मिनी-आयटीएक्स हे १७० बाय १७० मिमीचे माप व्हिया या तैवानी कंपनीने २००१ मध्ये आणले, परंतु त्याचा उपयोग बराच काळ कमी शक्तीच्या यंत्रांपुरताच राहिला. पूर्ण लांबीचे ग्राफिक्स कार्ड बसेल असे खरोखर लहान कॅबिनेट मोठ्या कंपन्या काढत नव्हत्या. ते काम हौशी लोकांनी हाती घेतले. १२.६ लिटरचे एनकेस एम१ चर्चामंचावरच्या सूचनांतून आकाराला आले आणि लोकांनी आगाऊ पैसे भरल्यावर तयार झाले. त्यानंतर डॅनिएल हान्सेन यांनी ए४-एसएफएक्स रेखाटले. ७.२ लिटरच्या या कॅबिनेटसाठी २०१६ मध्ये किकस्टार्टरवर निधी उभा राहिला आणि उत्पादन लियान लीने केले. मदरबोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून बसवण्याची जी रचना आज आपण टेरात पाहतो, ती लोकप्रिय करण्याचे मोठे श्रेय या कॅबिनेटला जाते. त्यात कूलरसाठी फक्त ४८ मिमी होते आणि कणा हलत नव्हता. तेव्हा प्रतीक्षेतल्या लोकांनी ४७ मिमीच्या कूलरवर इतकी चर्चा केली की अल्पेनफ्योन या जर्मन कंपनीचा ४७ मिमीचा ब्लॅक रिज हा कूलर त्याच कॅबिनेटला डोळ्यांसमोर ठेवून तयार झाला. हे मी आवर्जून सांगतो, कारण वाट पाहणाऱ्या ग्राहकांच्या चर्चेतून खरोखर वस्तू घडल्या आहेत.

आता मूळ विषयाकडे येतो. द्रवशीतनाचा विचार कोणाच्या मनात असेल तर टेरा त्यासाठी नाही. २४० मिमीचा रेडिएटर हवा असेल तर लियान ली आणि डॅन यांनी मिळून केलेले ११ लिटरचे ए४-एच२ओ पाहावे, जिथे रेडिएटर वरच्या बाजूला बसतो. ही जागा योग्य आहे, कारण बंद परिपथात नेहमी थोडी हवा असते आणि कालांतराने नळ्यांतून द्रव झिरपून ती वाढते. पंप जर सर्वांत उंचावर असेल तर ती हवा पंपात गोळा होते. रेडिएटर वर असला की ती तिथे निरुपद्रवी राहते. तरीही माझी पसंती हवेलाच आहे. पंखा बिघडला तर तो कोपऱ्यावरच्या दुकानातून आणता येतो. पंप बिघडला तर संपूर्ण संच बदलावा लागतो.

नवशिका (नाशिक)

मी या विषयात नवा आहे, म्हणून साधा प्रश्न विचारतो. लॅमिंग्टन रोडला चौकशी केली तेव्हा माझ्याकडे असलेला साधा एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा) अशा कॅबिनेटमध्ये बसणार नाही असे सांगण्यात आले. हे खरे आहे का, आणि त्याचा तापमानाशी काही संबंध आहे का?

शांतपंखा (ठाणे)

खरे आहे. टेराला एसएफएक्स किंवा एसएफएक्स-एल मापाचा एसएमपीएस लागतो. एसएफएक्स १२५ बाय १०० बाय ६३.५ मिमीचा असतो, तर नेहमीचा एटीएक्स १५० मिमी रुंद आणि ८६ मिमी उंच असतो. एसएफएक्स-एलची खोली १३० मिमी असते आणि त्याला मोठा पंखा मिळतो, परंतु ते वाढीव ३० मिमी केबल वळवण्याच्या जागेतून जातात. या कॅबिनेटमध्ये केबलचा गुंता हाच हवेच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा ठरतो, म्हणून मी आखूड केबल असलेला साधा एसएफएक्सच घेईन. ३५० वॅटच्या यंत्राला ७५० वॅटचा एसएमपीएस अतिरिक्त वाटेल, पण अर्ध्या भारावर तो स्वतः कमी तापतो आणि त्याचा पंखा बराच वेळ थांबूनच राहतो. विजेच्या खर्चाचा हिशेब यात गौण आहे. कार्डाकडून क्षणभर होणारी मोठी मागणी झेलण्यासाठीही ही मोकळीक लागते.

कोकणवारा (रत्नागिरी)

नागपूरच्या उष्णतेबद्दल लिहिले गेले, तर किनारपट्टीबद्दलही लिहायला हवे. आमच्याकडे तापमान क्वचितच ३६ अंशांच्या वर जाते, त्यामुळे वरच्या गणितात आम्ही सुखी आहोत. आमचा शत्रू खारी दमट हवा आणि तिच्यासोबत येणारी चिकट धूळ. कोरडी धूळ फुंकरीने उडते. मीठ मिसळलेली ओलसर धूळ पात्यांना आणि पंख्याच्या धारेला घट्ट धरून बसते, आणि मदरबोर्डवर साचली तर धातूला गंज आणते.

टेरासाठी जाळी लावण्याचा विचार करणाऱ्यांना एक सूचना करतो. बाजारात कडेला चुंबकपट्टी असलेल्या जाळ्या मिळतात, परंतु टेराचे बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियमचे असल्यामुळे त्या चिकटणार नाहीत. पातळ नायलॉनची जाळी मापाने कापून आतून दुहेरी चिकटपट्टीने लावावी लागेल. जाळी लावली की हवेचा प्रवाह घटतो हे मान्यच आहे, आणि जाळी जितकी बारीक तितकी घट अधिक. माझ्या मते फक्त ज्या बाजूने कूलर हवा आत ओढतो तिथेच जाळी लावावी आणि कार्डाची बाजू मोकळी सोडावी, कारण कार्डाचे पंखे सहज दिसतात आणि मऊ कुंचल्याने साफ करता येतात, तर लहान कूलरच्या दाट पात्यांमध्ये अडकलेली धूळ काढायला कूलर उतरवावा लागतो.

पावसाळ्यात यंत्र दीर्घकाळ बंद ठेवू नये. रोज थोडा वेळ चालू केले तर आतले भाग हवेपेक्षा गरम राहून कोरडे होतात. गावाला जाताना कॅबिनेट प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बांधून ठेवणे, ही लहान कॅबिनेटची मोठीच सोय आहे.

कूलर निवडताना निकेलचा मुलामा असलेला तळ आणि नळ्या घ्याव्यात. उघडे तांबे काळवंडते. त्याने शीतन फारसे बिघडत नाही, परंतु महागडी वस्तू अशी दिसू लागली की मनाला लागते.

मिलिमीटर (पुणे)

कोकणवारा, ॲल्युमिनियमचा मुद्दा माझ्या अजिबात लक्षात आला नसता. मनापासून आभार.

आता पंख्यांच्या दिशेबद्दल विचारतो. टेराच्या तळाशी एका १२० मिमी पंख्याची जागा आहे. तो हवा आत घेणारा ठेवावा की बाहेर टाकणारा?

शांतपंखा (ठाणे)

आत घेणारा. प्रोसेसरचा कूलर आणि कार्डाचे पंखे दोन्ही बाजूंनी हवा आत ओढतात, खालून तिसरा प्रवाह येतो, आणि सर्व तापलेली हवा वरच्या आणि मागच्या फटींतून निघून जाते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो, त्यामुळे फटीफटीतून धूळ आत ओढली जात नाही.

विदर्भवासी (नागपूर)

मी असहमत आहे. कूलर आणि कार्ड आधीच भरपूर हवा आत घेत आहेत. कमतरता बाहेर टाकणाऱ्या पंख्याची आहे. पंखा बाहेर टाकणारा ठेवला तर कार्डाच्या कडेने खाली उतरणारी तापलेली हवा तिथेच उचलली जाते आणि ती कूलरच्या बाजूला वळत नाही. गरम हवा वर जाते हा नियम इथे फारसा लागू होत नाही, कारण पंख्याने ढकललेल्या हवेपुढे तो नैसर्गिक प्रवाह अगदी क्षीण असतो.

जुनीपेटी (म्युनिक)

हा वाद मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे आणि दोन्ही बाजूंची यंत्रे उत्तम चालतात. निर्णय कार्डावर अवलंबून असतो. काही कार्डांच्या मागच्या भागात सर्किट बोर्ड नसतो आणि हवा आरपार जाते. अशा कार्डाची तापलेली हवा थेट कण्यावर आदळते आणि तिथून खाली-वर पसरते, तेव्हा खालचा पंखा बाहेर टाकणारा ठेवणे फायद्याचे ठरू शकते. बंद पाठीच्या कार्डाची हवा कडांनी निघते, तिथे आत घेणारा पंखा अधिक बरा. मिलिमीटर यांनी दोन्ही दिशांनी पंखा लावून प्रत्येकी अर्धा तास पूर्ण भार द्यावा आणि खोलीचे तापमान वजा करून आलेले आकडे लिहावेत. खोलीचे तापमान न लिहिता दिलेला कोणताही आकडा माझ्या दृष्टीने निरुपयोगी आहे.

एक मुद्दा मात्र कोणीच काढलेला नाही आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. मिनी-आयटीएक्स मदरबोर्डांवर दुसऱ्या एम.२ एसएसडीची (पट्टीच्या आकाराच्या साठवणुकीच्या भागाची) जागा बहुतेक वेळा पाठीमागे असते. या रचनेत पाठीमागे म्हणजे मदरबोर्ड आणि कणा यांच्यामधली अरुंद फट, जिथे हवा जवळजवळ पोहोचतच नाही, आणि कण्याच्या पलीकडे अडीचशे वॅटचे कार्ड धगधगत असते. तिथे पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या पाचव्या पिढीची तापट एसएसडी कधीही लावू नये. व्हिडिओ संपादनाची मुख्य एसएसडी पुढच्या बाजूला, मदरबोर्डसोबत आलेल्या हीटसिंकखाली लावा. कूलरची हवा मदरबोर्डकडे वाहत असेल तर त्या हीटसिंकला आणि वीज नियंत्रित करणाऱ्या भागांना आपोआप वारा मिळतो. पाठीमागे कमी वेगाची, साठवणुकीपुरती एसएसडी पुरे.

कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या रायझर केबलबद्दलही लिहितो. टेरासोबत चौथ्या पिढीची केबल येते. ५०७० ज्या मालिकेतले आहे त्या पन्नास मालिकेची कार्डे पाचव्या पिढीची आहेत आणि मदरबोर्डही त्या पिढीचा असेल तर दोघे आपसांत पाचव्या पिढीचा वेग ठरवू पाहतात. मधली केबल तो पेलत नाही आणि पडदा काळा राहतो. म्हणून यंत्र जोडण्याआधीच बायोसमध्ये ग्राफिक्सच्या स्लॉटचा वेग चौथ्या पिढीवर बांधून ठेवावा. ७७०० ला स्वतःचे अंगभूत ग्राफिक्स आहे, त्यामुळे कार्ड न लावताही हे करता येईल.

शांतपंखा (ठाणे)

जुनीपेटी यांच्या दोन्ही सूचनांना पूर्ण अनुमोदन. दिशेच्या वादातही त्यांनी सुचवलेली चाचणीच निर्णायक मानू.

पंखा आणि बाजूचा पत्रा यांतील अंतराबद्दल थोडे लिहितो. कूलरचा पंखा वरच्या बाजूला असेल आणि पत्र्याला अगदी चिकटला असेल तर फटींमुळे घुंघुं असा सततचा आवाज येतो. अंतर ठेवले तर आवाज जातो, परंतु कूलरमधून बाहेर पडलेली गरम हवा त्याच अंतरातून वळून पुन्हा पंख्यात शिरते. उपाय म्हणजे पंख्याभोवती फोमची चौकट बसवून पत्र्यापर्यंत बंद वाट करणे. नॉक्टुआ आपल्या एल९ कूलरसाठी असा फोमचा संच विकतेच. इतर कूलरसाठी दारेखिडक्यांच्या फटी बुजवण्याची फोमपट्टी चालते. एनएच-एल१२एसमध्ये पंखा पात्यांच्या खाली असतो, पत्र्याकडे पाती असतात, त्यामुळे हा आवाज मुळातच कमी येतो. मात्र पंखा रॅमच्या वर येतो, म्हणून दिव्यांच्या उंच पट्ट्यांची रॅम घेऊ नये.

विदर्भवासी (नागपूर)

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायच्या थर्मल पेस्टबाबत एक शिफारस करतो. जिथे प्रोसेसर रोज ८५ अंशांपर्यंत तापतो आणि रात्री थंड होतो, तिथे पातळ पेस्ट हळूहळू कडांकडे सरकते. हनीवेलची पीटीएम७९५० ही पट्टी घ्यावी. ती सुमारे ४५ अंशांना मऊ होऊन पृष्ठभागावर पसरते आणि तिथेच टिकते. पहिले काही तास तापमान किंचित जास्त दिसते, मग उतरते, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. लहान कॅबिनेटमध्ये कूलर पुन्हा पुन्हा उतरवणे कष्टाचे असते, त्यामुळे एकदाच लावून विसरता येणारी वस्तू मोलाची.

मिलिमीटर (पुणे)

सर्वांच्या सल्ल्यानंतर मी ठरवलेले लिहितो. कार्ड ५०७० घेणार. कार्डालाही अंडरव्होल्ट करून (व्होल्टेज कमी करून) वीज २०० वॅटच्या आसपास ठेवीन. वरच्या टोकाच्या थोड्या गतीसाठी व्होल्टेज बरेच वाढवावे लागते आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वीज पाचव्या हिश्श्याने कमी झाली तरी गती तेवढी कमी होत नाही. प्रोसेसरला उन्हाळ्यात ७५ वॅटची मर्यादा.

कॅबिनेट येईपर्यंत मदरबोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून, कूलर बसवून, सर्व चाचण्या उघड्यावर करून घेईन. उघड्यावरचे आकडे हातात असले म्हणजे कॅबिनेटमध्ये गेल्यावर किती अंश वाढले हे नेमके कळेल आणि ती वाढ कॅबिनेटमुळे की कूलर नीट न बसल्यामुळे, हा गोंधळ होणार नाही.

एकच शंका उरली आहे. मला मिळू शकणारे ५०७० चे कार्ड ४० मिमीचे नसून ५० मिमीचे आहे. एनव्हिडियाने २०२४ मध्ये लहान कॅबिनेटसाठी जी मापे जाहीर केली, त्यांत लांबी ३०४ मिमी आणि जाडी ५० मिमी आहे, आणि हे कार्ड त्यांत बसते. १२० मधून ५० वजा केले तर ७० उरतात, म्हणजे एनएच-एल१२एस अगदी नेमका बसेल ना?

शांतपंखा (ठाणे)

बसणार नाही, आणि त्याचे कारण कण्याचे टप्पे आहेत. ४३ ते ७२ हा २९ मिमीचा पल्ला सात जागांत विभागला आहे, म्हणजे एका जागेपासून दुसरी साधारण ५ मिमीवर. ४३ नंतरची जागा ४८ च्या आसपास येते, तिथे ५० मिमीचे कार्ड मावत नाही. त्यापुढची ५३ च्या आसपास, आणि तिथे कूलरला सुमारे ६७ मिमी उरतात. एनएच-एल१२एस ७० मिमीचा आहे. एएक्सपी१२०-एक्स६७ ६७ मिमीचा आहे, तो काठावर बसेल, पण पंखा वर असल्यामुळे पत्र्याला चिकटेल आणि मी वर लिहिलेला आवाज येईल. आयएस-५५ घेतला तर दहा मिमी अंतर मिळते, त्यात फोमची चौकट व्यवस्थित बसते, आणि ७५ वॅटसाठी तो पुरेसा आहे. निर्मात्याच्या पुस्तिकेत प्रत्येक जागेचे नेमके मिलिमीटर दिलेले असतात, ते पाहूनच मागणी नोंदवा. कार्डाच्या जाडीसोबत त्याच्या वीजजोडाची केबल कुठे वळते तेही मोजा. ती केबल दाबून वाकवू नये.

मिलिमीटर (पुणे)

आयएस-५५ आणि पीटीएम७९५० ची मागणी आज नोंदवतो. उघड्यावरच्या चाचणीचे आकडे, खोलीच्या तापमानासह, याच धाग्यावर देईन.

नवशिका (नाशिक)

आपण आकडे द्याल तेव्हा ८८ आणि ७५ अशा दोन्ही मर्यादांवर व्हिडिओ बाहेर काढायला किती वेळ लागला तेही लिहावे, ही विनंती. माझाही प्रोसेसर तोच आहे आणि कूलर मी त्यानंतरच घेणार आहे.